व्हीपीएनसोबत टॉर म्हणून पैसे घेतले, आत टॉर नव्हतंच

'व्हीपीएनसोबत टॉर' देतो म्हणणाऱ्या एका ॲपचे मी पैसे भरले होते. व्हीपीएन म्हणजे आपला डेटा एका कंपनीच्या सर्व्हरवरून फिरवणारी सेवा, आणि टॉर म्हणजे आपण कोण ते लपवणारं अनेक सर्व्हरचं जाळं. हे लिहितेय कारण त्या ॲपची जाहिरात अजून सर्रास फिरते आहे. असल्या जाहिरातीकडे वळणारे पुष्कळ जण खरोखर काळजीत असतात. कुणाला बातमीचा स्रोत जपायचा असतो, कुणाला मागे लागलेल्या माणसापासून लपायचं असतं.

दावा असा होता: एक बटण दाबा, तुमचा सगळा डेटा आधी आमच्या सर्व्हरवरून आणि मग टॉरमधून जाईल. आम्ही कसलीही नोंद ठेवत नाही. वर्षाचे पैसे आगाऊ. बटण दाबलं की स्क्रीनवर हिरवा कांदा (कांदा हे टॉरचं चिन्ह) यायचा आणि खाली 'तुम्ही आता अनामिक आहात' अशी ओळ.

संशय आला तो वेगामुळे. टॉरमध्ये डेटा तीन रिलेंमधून, म्हणजे जाळ्यातल्या तीन सर्व्हरमधून, फिरतो, त्यामुळे ते संथ चालतं. शिवाय डेटा पाठवायच्या टीसीपी आणि यूडीपी या दोन पद्धतींपैकी टॉर फक्त टीसीपी वाहून नेतं आणि व्हिडिओ कॉल बहुतेक वेळा यूडीपीवर चालतात. इथे व्हिडिओ कॉल लोण्यासारखा चालत होता! मग टॉर प्रोजेक्टचं, म्हणजे टॉर बनवणाऱ्या संस्थेचं, तपासणीचं पान उघडलं. उत्तर आलं, तुम्ही टॉर वापरत नाही. फक्त टॉरमधून उघडणारा डॉट ऑनियनचा पत्ता टाकून पाहिला, उघडेना. बाहेर दिसणारा आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, दिवसभर एकच; टॉरमध्ये तो बदलत राहतो. टॉरच्या एक्झिट रिलेंची, म्हणजे डेटा जिथून बाहेर पडतो त्या शेवटच्या रिलेंची, यादी कुणालाही बघता येते, त्यात तो आयपी कुठेच नव्हता. साधं व्हीपीएन, वर कांद्याचं चित्र.

पैसे परत मागितले. उत्तर आलं: 'आमच्या नोंदींनुसार तुम्ही रात्री 11:42 ला या फोनवरून सेवा वापरली आहे, त्यामुळे परतावा मिळणार नाही.' खाली फोनचं मॉडेल आणि माझा मूळ आयपी. माझ्या पायाखालची जमीनच सरकली. नोंद ठेवत नाही म्हणणाऱ्यांकडे हे सगळं होतं, आणि नाव व कार्ड तर पैसे भरतानाच त्यांच्याकडे गेलेलं.

आणि समजा त्या बटणामागे खरंच टॉर असतं, तरी काय? टॉरची सगळी मदार एकाच गोष्टीवर आहे: पहिल्या रिलेला तुम्ही कोण ते कळतं पण कुठे जाताय ते नाही, शेवटच्या रिलेला कुठे जाताय ते कळतं पण कोण ते नाही. टॉर कंपनीच्या सर्व्हरवर सुरू झालं की या दोन्ही गोष्टी एकाच हातात येतात. त्यात ब्राउझर आपला नेहमीचाच, कुकीज आणि ब्राउझरचे ओळखू येणारे ठसे जसेच्या तसे.

टॉर वापरताय हेच लपवायची गरज पडू शकते, हे मला मान्य आहे. 2013 मध्ये हार्वर्डमध्ये बॉम्बची खोटी धमकी देणारा विद्यार्थी सापडला, तो विद्यापीठाच्या वाय-फायवरून टॉर वापरल्याचं दिसल्यामुळे. पण त्यासाठी टॉर ब्राउझरमध्येच ब्रिजची, म्हणजे टॉरचा वापर लपवणाऱ्या आडवाटेची, सोय आहे; ओबीएफएस4 किंवा स्नोफ्लेक हे तिचे प्रकार. ब्राउझर आणि ब्रिज दोन्ही फुकट. सोबत व्हीपीएन जोडायचा सल्ला टॉर प्रोजेक्ट सर्वसाधारणपणे देत नाही, जाणकारांची गोष्ट वेगळी.

बँकेत तक्रार दिली आहे, सोबत ती ईमेल जोडली आहे. ॲप काढून टाकलं तरी वर्गणी आपोआप चालूच राहते. ज्यांनी असलं काही घेतलंय त्यांनी आधी ती बंद करा आणि ॲप काढण्यापूर्वी त्या दाव्यांचे स्क्रीनशॉट घेऊन ठेवा. तक्रार देताना तेच मागतात.