फॅक्टर निगेटिव्ह, पण सांधे सुजलेले: फोंड्यातील संधिवाताच्या दवाखान्याचा अनुभव

वाळपईहून कदंबच्या बसने फोंड्याला येऊन ह्या दवाखान्यात मी गेले दीड वर्ष येत आहे, तेही आई आणि मावशी अशा दोन रुग्णांना घेऊन. दोघींचे निदान एकच, ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटते तो संधिवात. मात्र मावशीच्या रक्तात आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी ही दोन्ही प्रतिपिंडे भरपूर आहेत आणि आईच्या रक्तात एकही नाही. दवाखान्याची खरी पारख मला ह्या फरकामुळेच करता आली.

इथे येण्यापूर्वी आईचे आठ महिने वाया गेले होते. सकाळी तास-दीड तास तिची बोटे वळत नसत, विळीवर बसून नारळ खवणे तिने सोडून दिले होते, तरीही एका ठिकाणी फॅक्टर निगेटिव्ह आहे म्हणजे संधिवात नाही, वयाचे दुखणे आहे, असे सांगून वेदनाशामक गोळ्यांवर तिची बोळवण झाली. इथल्या डॉक्टरांनी तो रिपोर्ट बाजूला ठेवला, तिचा हात हातात घेतला आणि बोटांच्या मुळाशी असलेले सांधे एकत्र दाबले; आईने ओठ आवळले, तिथेच अर्धे निदान झाले असावे. चिकुनगुनिया होऊन गेला का, अंगावर सोरायसिसचे चट्टे आहेत का, हेही विचारले, कारण त्या आजारांतही सांधे असेच धरतात. निदानासाठी 2010 पासून वापरात असलेल्या निकषांत दहापैकी सहा गुण लागतात. प्रतिपिंडे भरपूर असतील तर त्यांचेच तीन गुण मिळतात, नसतील तर शून्य, आणि ती तूट सुजलेल्या सांध्यांच्या संख्येने भरून काढावी लागते. म्हणजे निगेटिव्ह रुग्णाचा आजार बराच फोफावल्यावरच त्याला नाव मिळते, हे ऐकून मला त्या आठ महिन्यांचा हिशेब लागला.

मावशी हातांची तक्रार घेऊन आली होती, पण तिला पायांचाही एक्स-रे काढायला सांगितला. बिल वाढवण्याचा हा प्रकार असावा, असे मला तेव्हा वाटले, हे कबूल करते. प्रत्यक्षात पायाच्या करंगळीच्या मुळाशी हाडाची कड उंदराने कुरतडावी तशी दिसली. तिथे तिला दुखतही नव्हते. प्रतिपिंडे असलेल्यांमध्ये हाडांची अशी झीज सरासरीने लवकर होते, कोपरांवर गाठी येण्याची आणि फुफ्फुसांना त्रास होण्याची शक्यताही अधिक असते, म्हणून मावशीला दर खेपेस कोरडा खोकला आणि दम लागण्याबद्दल विचारतात. मेथोट्रेक्सेट ह्या संधिवाताच्या नेहमीच्या औषधाने तिचे पुरते भागले नाही, तेव्हा रिटुक्सिमॅब ह्या दुसऱ्या औषधाचा पर्याय मांडताना ते औषध प्रतिपिंडे असलेल्यांना अधिक लागू पडते, हेही सांगितले.

मग आईचा आजार सौम्य म्हणायचा का, ह्यावर डॉक्टरांनी सरळ होकार दिला नाही. हाडे सावकाश झिजतात हे खरे, पण सूज आणि वेदना तेवढ्याच असू शकतात, आणि काही निगेटिव्ह रुग्णांचे निदान पुढे बदलते. म्हणून सोरायसिसच्या खुणांसाठी तिची नखे आणि त्वचा ते प्रत्येक भेटीत पाहतात. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचे असल्यामुळे तिच्या चिठ्ठीवर ‘फक्त रविवार’ असे ठळक मराठीत लिहून दिले, ही गोष्ट मला फार मोलाची वाटली.

तक्रारीही आहेत. नंबर लावूनही दोन-अडीच तास लोखंडी खुर्च्यांवर बसावे लागते, आणि गुडघे-घोटे धरलेल्या माणसांचा दवाखाना पहिल्या मजल्यावर, तोही लिफ्टविना, कोणाच्या डोक्यातून आला कोण जाणे. फाइल सगळी इंग्रजीत असते. खर्चाबाबत मात्र बोल लावता येणार नाही: आमच्या ओळखीची लॅब दर तिमाहीला पॅकेजमध्ये अँटी-सीसीपी घालत असे, ती ओळ डॉक्टरांनी स्वतः खोडली. एकदा पॉझिटिव्ह आलेली ही तपासणी पुन्हा पुन्हा करून उपचार ठरत नाहीत, त्यासाठी ईएसआर, सीआरपी ह्या सूज मोजणाऱ्या रक्ततपासण्या आणि सांधे दाबून पाहणेच कामाचे, असे ते म्हणाले, आणि मेथोट्रेक्सेटसाठी लागणारी यकृताची व रक्तपेशींची तपासणी तेवढी राहू दिली.