बाळाच्या नावाचं स्पेलिंग: नेहमीचं की वेगळं?

नाव ठरलं रिया, आता इंग्रजीत लिहायचं कसं यावर घरात चर्चा सुरू होतेच. नेहमीचं म्हणजे आर-आय-वाय-ए. वेगळं म्हणजे दोन आय, दोन ए, किंवा आर-एच-ई-ए. यातलं शेवटचं कोणी उगाच बनवलेलं नाही हं, ग्रीक पुराणात झ्यूसच्या आईचं नाव असंच लिहितात, म्हणजे त्याला स्वतःची गोष्ट आहे आणि ते मला मनापासून आवडतं.

नेहमीच्या स्पेलिंगचा फायदा असा की फोनवर नाव सांगितलं की समोरचा बहुतेक वेळा बरोबर टाइप करतो. जादा अक्षरवाल्या मुलीला मात्र "डबल आय, शेवटी डबल ए" हे आयुष्यभर सांगत बसायचं, आणि एका तिकिटावर एक ए राहिला की पासपोर्टशी नाव जुळत नाही, मग धावाधाव. डोक्यावर टिंबं असलेलं अक्षर घेतलं तर पासपोर्टच्या खालच्या, मशीनने वाचायच्या ओळीत ती टिंबं येतच नाहीत, तिथे अक्षरं फक्त ए ते झेड.

वेगळं स्पेलिंग कुठे घ्यावं? जिथे उच्चार सुधारतो तिथे. मीरा एका आयने लिहिलं तर कोणी मिरा वाचतं कोणी मायरा, डबल ई घातला की प्रश्न मिटला. मोठा माणूस स्वतःसाठी असं वेगळं स्पेलिंग निवडू शकतो, पण बाळाला कोण विचारतंय? म्हणून मी तरी नेहमीचंच घेईन.