जेवणाचा आर्ट डेको सेट: जुना सागवानी घ्यावा की नवा करून?

टेबल, सहा खुर्च्या, साइडबोर्ड (भांडी ठेवायचं बुटकं कपाट). मैत्रिणीला ओशिवऱ्याच्या बाजारात १९३०-४० च्या दशकांतला मुंबईतला असा आर्ट डेको, म्हणजे त्या काळच्या भौमितिक आकारांच्या शैलीतला, सेट आवडलाय; तिचा सुतार मात्र म्हणतो, "तसाच नवा करून देतो."

लाकडात जुना सेट सरस. तेव्हाच्या चांगल्या कामात बर्मा साग असायचा, तसा आज सहज मिळत नाही. पण दुकानदार "अस्सल" म्हणाला म्हणून मानू नका. खण पूर्ण बाहेर काढा: हाताने कापलेले, थोडे असमान सांधे दिसले तर उत्तम, आत प्लायचा ताजा तुकडा असेल तर जोडकाम झालंय. पायांशी बारीक भोकं आणि ताजी भुकटी दिसली तर लाकडात कीड आहे, सरळ नको म्हणा.

पॉलिशचं उलटं. जुन्यावरच्या लाखेच्या पॉलिशवर गरम पातेलं टेकलं की पांढरा डाग पडतो. मात्र तेवढाच भाग दुरुस्त होतो. नव्यावरचं पीयू (पॉलीयुरेथेन) पॉलिश उष्णता, पाणी जास्त सोसतं, पण खरवडलं तर बहुधा अख्खा पृष्ठभाग घासावा लागतो.

खर्चात जुन्याच्या किमतीत वेत विणणं, सांधे चिकटवणं, हमाली धरा. भरीव सागाचा नवा सेटही स्वस्त पडत नाही.

मोठी खोली आणि निगा राखायची आवड असेल तर जुनाच घ्या, माझा कौल तिकडेच. लहान मुलं, अरुंद जिना किंवा चारच खुर्च्यांपुरती जागा असेल तर मापाने नवा करून घ्या.