स्क्रीनवरचे बावीस यार्ड

गोल्फचं किट, म्हणजे क्लब नावाच्या काठ्या, घ्यायला निघाला असाल आणि दुकानदार ‘फिटिंग फुकट’, म्हणजे तुमच्या अंगाला क्लब जुळवून देणं फुकट, म्हणत असेल, तर त्याच्या रिपोर्टमधली सगळ्यात तळाची, बारीक अक्षरातली ओळ आधी वाचा. माझे १ लाख ८४ हजार रुपये त्या ओळीत गेलेत. दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण प्रकरण ग्राहक आयोगात आहे आणि वकीलबाईंनी तशी ताकीद दिली आहे. पण पद्धत सांगायला कोणाची ना नाही, आणि ही पद्धत एकाच दुकानापुरती असेल असं मला वाटत नाही.

मी चाकणला टूल रूममध्ये, म्हणजे अचूक मापाची हत्यारं आणि साचे बनवायच्या विभागात, काम करतो. उंची पाच फूट चार इंच, हँडिकॅप २४ (हा आकडा जितका मोठा तितका खेळ कच्चा), रविवारी सकाळी येरवड्याला खेळतो. जुना सेट एका साहेबांनी निवृत्त होताना दिलेला, वीसेक वर्षांपूर्वीचा. ग्रिप गुळगुळीत झालेल्या, पण चेंडू सरळ जायचा. बदलायचा होता तो एवढ्याचसाठी, की गुडघे कुरकुरायला लागले आणि थोडा हलका, चुका पोटात घालणारा सेट हवा होता. मागे पोकळी असलेली आयर्न (धातूच्या पात्याचे नंबरवार क्लब) म्हणजे कॅव्हिटी बॅक, आणि ग्राफाइट शाफ्ट, म्हणजे दांडा. माझी मागणी एवढीच होती आणि ती मी दुकानात शिरताच सांगितली होती.

दुकानात आत एक जाळी, समोर दहा फुटांवर. चेंडू जाळीत अडकतो. मागे ठेवलेलं यंत्र चेंडूचा वेग, कोन आणि फिरकी मोजतं आणि पुढचं सगळं अंतर संगणक हिशेबाने काढतो. म्हणजे स्क्रीनवर जो चेंडू हिरवळीवर पडताना दिसतो, तो कुठेच पडलेला नसतो. यात गैर काही नाही, जगभर असंच फिटिंग होतं. पण हिशेब कोणत्या हवेत, किती उंचीवर, कोणत्या चेंडूसाठी करायचा हे सॉफ्टवेअरमध्ये भरावं लागतं, आणि भरणारा माणूस विकणारा असतो.

आधी माझा जुना ७ नंबरचा आयर्न मारायला लावला. सरासरी १२५ यार्ड. मग दुकानदाराने नवा ७ नंबर हातात दिला. १४७. ‘‘बघा सर, बावीस यार्ड! आणि हे थंड हातांनी.’’ ड्रायव्हरला, म्हणजे सगळ्यात लांब मारायच्या क्लबला, माझा स्विंग स्पीड ताशी ८४ मैल आला. त्या वेगाला साधारण रेग्युलर किंवा सीनियर फ्लेक्सचा शाफ्ट चालतो (फ्लेक्स म्हणजे लवचिकपणा; सीनियर मऊ, रेग्युलर मधला, स्टिफ कडक). हा म्हणाला, ‘‘सर, वॉर्म-अप झाल्यावर तुम्ही आरामात पंचाण्णवला जाणार. तुम्हाला स्टिफच पाहिजे. रेग्युलर म्हणजे तुमच्या ताकदीचा अपमान आहे.’’ बावन्नाव्या वर्षी असं कोणी बोललं की बरं वाटतं, आणि त्याला ते पक्कं ठाऊक होतं. स्टिफचा जपानी बनावटीचा शाफ्ट ‘अपग्रेड’ म्हणून २८ हजार जादा. शिवाय माझ्या उंचीसाठी आयर्नचा लाय दोन अंश फ्लॅट, म्हणजे दांडा थोडा आडवा, करून देणार, त्याचे वेगळे साडेचार हजार.

हे लाय प्रकरण नवीन मंडळींसाठी सांगतो. चेंडूसमोर उभं राहिल्यावर क्लबचा दांडा जमिनीशी जो कोन करतो तो लाय. माणूस बुटका असेल, किंवा हात लांब असतील, तर प्रमाण लायच्या क्लबचं टोक वर उचललं जातं आणि टाच जमिनीला लागते. उजव्या हाताच्या खेळाडूचा चेंडू मग डावीकडे जातो, स्विंग कितीही चांगला असला तरी. उंच माणसाचं उलटं. म्हणून फक्त उंची विचारून भागत नाही, सरळ उभं राहून मनगटापासून जमिनीपर्यंतचं अंतर मोजावं लागतं. त्याने ते मोजलं, वहीत लिहिलं, सगळं अगदी शास्त्रशुद्ध.

किट आलं. ड्रायव्हर, ३ वूड, दोन हायब्रिड, ५ पासून पिचिंग वेजपर्यंत सहा आयर्न, त्यावर आखूड, उंच फटक्यांचे आणखी चार वेज, आणि जमिनीवरून ढकलायचा पटर. मोजा. पंधरा होतात. नियमाप्रमाणे बॅगेत जास्तीत जास्त चौदा क्लब चालतात. पंधरावा सापडला तर स्ट्रोक प्लेमध्ये, म्हणजे एकूण फटके मोजायच्या खेळात, ज्या होलवर तो बॅगेत होता त्या प्रत्येक होलला दोन स्ट्रोकचा दंड, कमाल चार. ज्याला फिटर म्हणवून घ्यायचंय त्याला हे माहीत नसेल हे मी मानत नाही. त्याला फक्त एक वेज जास्त खपवायचा होता.

पहिल्या महिन्यापासून चेंडू डावीकडे. ७ नंबर लांब जात होता हे खरं, पण बावीस यार्ड नाही. फार तर बारा-पंधरा. ड्रायव्हर खालूनच सरपटत निघायचा आणि उजवीकडे वळायचा. स्टिफ शाफ्ट माझ्या वेगाला वाकतच नव्हता. कोचने माझी ग्रिप बदलली, उभं राहणं बदललं, खांदे बदलले. कोचची फी वेगळी, हे लक्षात असू द्या. चुकीचं किट विकणारा एकदाच पैसे घेतो, पण त्याचा खर्च पुढे चालू राहतो.

धागा पहिल्यांदा हाताला लागला तो आमच्या कॅडीमामांमुळे. मामांनी आयुष्यभर लोकांच्या बॅगा उचलल्यात. एका रविवारी माझा ८ आणि ७ दोन्ही हातांत घेऊन त्यांनी तोलले आणि म्हणाले, ‘‘साहेब, हा आठ ह्या सेटचा न्हाई.’’ मी म्हटलं, असं कसं, नंबर आहे, कंपनीचं नाव आहे. ‘‘असंल. पण ह्यो हलका हाय.’’

घरी येऊन वजनकाट्यावर ठेवले. क्लब जसजसा आखूड होतो तसतसं हेड, म्हणजे चेंडूला लागणारा भाग, जड करत नेतात, अर्ध्या इंचाला साधारण सात ग्रॅम, म्हणजे हातात सगळे सारखेच लागतात. ५ ते ७ व्यवस्थित चढत गेलेलं वजन ८ ला खाली आलं आणि ९ ला पुन्हा चढलं. मग मी जे रोज कंपनीत करतो तेच केलं. सगळे क्लब टूल रूमच्या ग्रॅनाइट टेबलावर, कोन मोजायचा बेव्हल प्रोट्रॅक्टर, लांबी मोजायचं व्हर्नियर. क्लबचा तळ गोलाकार असल्यामुळे प्रोट्रॅक्टरने लाय आणि लॉफ्ट (पात्याचा मागे कललेला कोन; जितका कमी तितका चेंडू लांब) यांचा अंदाज येतो, पक्कं माप नाही. म्हणून एका जुन्या रिपेअरवाल्याकडे गेलो. त्याच्याकडे लॉफ्ट-लायचं मशिन आहे, क्लब शिकंज्यात धरून दोन्ही कोन वाचणारं.

लाय सगळ्यांचा कंपनीच्या छापील मापाइतका. दोन अंश सोडा, पाव अंशही कोणी वाकवलेला नाही. वाकवल्यावर होझेलवर, म्हणजे दांडा बसतो त्या हेडच्या मानेवर, कुठे ना कुठे शिकंज्याची खूण राहते, तीही नव्हती. ८ नंबर खरोखरच दुसऱ्या सेटचा: त्याच कंपनीचा, पण आधीच्या मॉडेलचा, लॉफ्ट दीड अंशाने वेगळा. हेड नकली नव्हती. उरलंसुरलं जुळवून सेट बनवला होता.

आणि बावीस यार्ड? नव्या ७ नंबरचा लॉफ्ट निघाला २८ अंश. माझ्या जुन्या ७ चा ३४. क्लबवरच्या आकड्याला कुठलंही प्रमाण नसतं. ज्या त्या कंपनीने ठरवायचं. त्याने माझा जुना ७ माझ्याच जुन्या ५-६ च्या मधे बसेल अशा लॉफ्टच्या क्लबशी लढवला होता. इथे एक गोष्ट न्यायाने सांगायला हवी. कमी लॉफ्ट हीच फसवणूक नव्हे. हल्लीच्या कॅव्हिटी बॅकमध्ये वजन खाली आणि मागे नेलेलं असतं, त्यामुळे कमी लॉफ्टनेही चेंडू वर उठतो, आणि माझ्यासारख्याला त्याचा फायदाच होतो. फसवणूक ही की ते न सांगता ‘क्लबची करामत’ म्हणून यार्ड विकायचे. त्याच कमी लॉफ्टमुळे नवा पिचिंग वेज ४३ अंशांचा आला, आणि तिथून माझ्या ५६ च्या सँड वेजपर्यंत तेरा अंशांचं भगदाड पडलं. ते बुजवायला ४८ आणि ५२, मग जोडीला नवा ५६ आणि ६०. भगदाडही त्याचंच, बुजवायचा मालही त्याचाच.

पण लॉफ्टने सगळा हिशेब लागत नव्हता. म्हणून मेलवर आलेले दोन रिपोर्ट शेजारी शेजारी उघडले. जुन्या ७ चा रिपोर्ट: तळाला बारीक अक्षरात अल्टिट्यूड ० फूट. नव्या ७ चा रिपोर्ट: अल्टिट्यूड ६,००० फूट. पुणं समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर, म्हणजे १,८०० फुटांच्या आसपास. उंचावर हवा विरळ, चेंडू लांब जातो. ठोकताळा असा की हजार फुटांमागे एक टक्क्याहून थोडं जास्त. सहा हजार फुटांना सात टक्के धरा. माझ्या १४० यार्डांच्या फटक्यात नऊ-दहा यार्ड. एकाच दुकानात, एकाच जाळीसमोर, पंधरा मिनिटांच्या अंतराने मी जुना क्लब समुद्रकिनाऱ्यावर आणि नवा महाबळेश्वरच्याही वर मारला होता.

ड्रायव्हरच्या शाफ्टचं काम तर आणखी सरळ. स्टीलच्या शाफ्टवर कंपनीचा कागदी किंवा प्लास्टिकचा बँड चिकटवलेला असतो, तो स्टिकरच असतो, त्यावरून घाबरू नका. पण नामांकित ग्राफाइट शाफ्टवरचं नाव आणि नक्षी रंगात छापलेली असते, वरून पारदर्शक थर. नख फिरवलं तर कुठे कड लागत नाही. माझ्या ‘जपानी’ शाफ्टवर नख अडकलं. टॉर्च तिरकी धरली तर अक्षरांभोवती चौकट दिसली. कोपरा उचलला, खाली साधा काळा दांडा. फेरुल, म्हणजे शाफ्ट हेडमध्ये जातो तिथली काळी प्लास्टिकची कडी, तिच्याखाली इपॉक्सीचा सुकलेला ओघळ. कारखान्यातून असा माल बाहेर पडत नाही. अर्धा स्टिकर सोलून झाल्यावर मी थांबलो, आणि वकीलबाई म्हणाल्या तेच बरं झालं. ग्राहक आयोगाला वस्तू प्रयोगशाळेत तपासायला पाठवता येते, म्हणून उरलेलं जसं आहे तसं ठेवायचं.

दुकानात गेलो तेव्हा पहिलं उत्तर: ‘‘सर, तुमचा स्विंगच बदललाय.’’ मशिनचं माप दाखवलं तर, ‘‘ते मशिन कॅलिब्रेट केलंय का?’’ हा प्रश्न टूल रूमवाल्याला विचारणं धाडसाचंच. उंचीच्या आकड्यावर, ‘‘सॉफ्टवेअर अपडेटने झालं असेल.’’ आणि बिलावर काय होतं? ‘स्पोर्ट्स गुड्स, १ नग.’ मॉडेल नाही, शाफ्टचं नाव नाही, सिरियल नंबर नाही. लाय वाकवल्याचे साडेचार हजार बिलात नव्हतेच, ते यूपीआयने वेगळ्या खात्यावर घेतलेले. मात्र व्हॉट्सॲपवर त्याने शाफ्टचं नाव, फ्लेक्स आणि ‘दोन अंश फ्लॅट डन’ असं स्वतः लिहून पाठवलं होतं. खटल्यात आमचा सगळा भर त्या मेसेजवर आणि दोन रिपोर्टांवर आहे.

जे आता किट घेणार आहेत त्यांनी एवढं करा. आपला जुना क्लब आणि नवा क्लब दोघांचा लॉफ्ट विचारून घ्या आणि तुलना सारख्या लॉफ्टशी करा, सारख्या नंबरशी नको. अंतराबरोबर चेंडू किती तिरका खाली उतरतो आणि दहा फटके किती पसरतात ते बघा. आपल्या हँडिकॅपला सगळ्यात लांब गेलेला एक फटका काही कामाचा नाही. सेटिंगचं पान आपल्यासमोर उघडायला लावा. फ्लेक्सच्या अक्षरावर विसंबू नका, एका कंपनीचा आर (रेग्युलर) दुसरीच्या एसइतका (स्टिफइतका) कडक निघू शकतो; शक्य असेल तर दोन वेगवेगळे शाफ्ट उघड्या रेंजवर मारून बघा, जिथे चेंडू खरोखर जमिनीवर पडतो. लाय तपासायला तळाला टेप लावून कडक फळीवरून मारा, ओरखडा टाचेकडे आला तर क्लब तुम्हाला जास्त उभा आहे. बिलावर मॉडेल, हेडवर असेल तो सिरियल नंबर आणि शाफ्टचं पूर्ण नाव हवंच, आणि जीएसटी क्रमांक सरकारी पोर्टलवर टाकून बघायला एक मिनिटही लागत नाही.

फसलेच असाल तर दोन वर्षांच्या आत ग्राहक आयोगात जाता येतं, ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे फी नाही, आणि तक्रार ऑनलाइन भरता येते. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून नोंद करा. खोट्या नावाचा माल विकणं हा ट्रेड मार्क कायदा, १९९९ खाली गुन्हाही आहे, सहा महिने ते तीन वर्षांची शिक्षा असलेला. आम्ही ती वाट अजून धरलेली नाही.

आयर्नचा लाय त्या जुन्या रिपेअरवाल्याने वाकवून दिला, क्लबमागे तीनशे रुपयांत. ओतीव हेड म्हणून एकेक क्लब हळूहळू, दोन अंशांच्या पुढे न जाता. चेंडू आता बऱ्यापैकी सरळ जातो. ८ नंबर पुरावा म्हणून कपाटात आहे, त्यामुळे सध्या ७ धीम्याने मारतो. समोरच्या पक्षाला लेखी उत्तरासाठी कायद्याने ३० दिवस मिळतात, वर मागून १५. तीस संपले. त्यांनी पंधरा मागितलेत.