हीटर कोअर धुवायचा की बदलायचा?

हीटर कोअर म्हणजे डॅशबोर्डमागचा छोटा रेडिएटर. इंजिनाचं गरम कूलंट त्यातून फिरतं आणि त्यावरून येणारी हवा केबिन गरम करते. जुन्या पिकअपचा हीटर कोमट फुंकायला लागला की सल्ले दोनच मिळतात. एक म्हणतो, कोअर बदलून टाक, कायमची कटकट मिटेल. दुसरा म्हणतो, आधी धुऊन तर बघ. मी दोन्ही केलं आहे, दोन वेगवेगळ्या गाड्यांवर. दोन्ही गाड्या वीस वर्षांपुढच्या, दोन्ही अजून माझ्याकडेच आहेत आणि दोन्ही थंडीत चालतात. तेव्हा जे सांगतो आहे ते रोजच्या वापरातलं आहे. मोजमाप म्हणाल तर माझा तळहात आणि समोरची काच, एवढंच.

पण ही निवड करायची वेळ आली आहे का, ते आधी बघा. कूलंटची पातळी गार इंजिनवर तपासलेली असेल, आत अडकलेली हवा काढलेली असेल, असं धरून चालतो. इंजिन नीट तापू द्या, हीटर पूर्ण गरमवर ठेवा आणि फायरवॉलमधून, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यातून, आत जाणारे दोन्ही रबरी पाइप चाचपून बघा, फॅन आणि बेल्टपासून बाही सांभाळून. दोन्ही चटका बसेल इतके गरम असतील तर कोअरच्या नादी लागूच नका. आतली गरम-गार हवा वळवणारी झडप कुठेतरी अडकली आहे. दोन्ही कोमट आणि तापमानाचा काटाही मोकळ्या रस्त्यावर खाली घसरत असेल तर थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंटला रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह, उघडा राहिला आहे. तो साधारण ८२ ते ९५ अंशांच्या दरम्यान उघडायला हवा, आणि बदलायला सोपा असतो. एक पाइप चटका देणारा आणि दुसरा गार, असं असेल तर मात्र पाणी कोअरमध्ये शिरतंय पण वाहत नाहीये. पाइपवर हीटरचा व्हॉल्व्ह असेल तर तो खरंच उघडतो का तेवढं बघून घ्या. तोही ठीक असेल तर कोअर तुंबला आहे, आणि पुढचं तुमच्यासाठी.

पहिल्या गाडीचा कोअर मी बदलला. तेव्हा मला वाटलं होतं की काम करायचं तर मुळापासून करावं. उष्णतेच्या बाबतीत ते खरंही ठरलं. नव्या कोअरचा पहिला दिवस मला अजून आठवतो. गाडी जागेवर उभी असतानाही पायाशी गरम झोत येत होता आणि ब्लोअर दोनवरून एकवर आणावा लागला. नुसत्या गरमपणाला गुण द्यायचे तर बदललेला कोअर पुढे आहे, यात वाद नाही.

पण तिथपर्यंत पोचायला काय काय उघडावं लागतं! काही गाड्यांमध्ये कोअर डाव्या-उजव्या बाजूने सरकवून काढता येतो, तुमची तशी असेल तर तुम्ही सुखी आहात. माझ्या गाडीत स्टिअरिंगचा दांडा खाली सोडून अख्खा डॅशबोर्ड बाहेर काढावा लागला. एसीचं इव्हॅपोरेटर, म्हणजे हवा गार करणारी जाळी, त्याच पेटीत, म्हणून गॅस आधी यंत्राने काढून घ्यावा लागला, तो मोकळा सोडता येत नाही. दोन शनिवार-रविवार गेले. स्क्रू मी कागदाच्या पुड्यांत नावं लिहून ठेवले होते आणि सगळे जागच्या जागी गेले, एकही उरला नाही.

तरीही डॅशबोर्ड पूर्वीसारखा बसला नाही. वीस वर्षं उन्हात तापलेलं प्लास्टिक आहे ते. काढताना काचेलगतच्या तीन क्लिपा कटकन तुटल्या, आणि ज्या तुटल्या नाहीत त्यांची पकड सैल झाली. तेव्हापासून त्या गाडीत एक कुरकुर आहे. सकाळी गाडी सुरू केली की उजव्या कोपऱ्यातून, काचेच्या अगदी बुडाशी, बारीक किर्रर्र सुरू होते. इंजिनाच्या एका ठरावीक वेगाला ती वाढते. तळहाताने डॅशबोर्ड दाबला की थांबते, हात उचलला की पुन्हा सुरू. केबिन चांगलं गरम झालं, प्लास्टिक थोडं फुगलं, की दहा-पंधरा मिनिटांनी आपोआप बंद होते. म्हणजे ज्या थंडीसाठी एवढा खटाटोप केला, त्याच थंडीत ती रोज सोबतीला. मी फटीत पुठ्ठा खोचून पाहिला, फोम घातला, एक स्क्रू लांब लावून पाहिला. आवाज एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात गेला, एवढंच झालं. दुसऱ्या कुणाला हे क्षुल्लक वाटेल. मला मात्र गाडीतली शांतता फार प्रिय आहे, आणि ती गाडी पूर्वी शांत होती.

म्हणून दुसऱ्या गाडीचा एक पाइप गार लागला तेव्हा मी डॅशबोर्डला हात लावला नाही.

धुण्याचं काम इंजिनाच्या बाजूनेच होतं. इंजिन पूर्ण गार असताना दोन्ही पाइप कोअरच्या नळ्यांवरून सोडवायचे, आणि ज्या नळीतून पाणी एरवी बाहेर येतं तिच्यातून उलटं आत सोडायचं. खरी जोखीम दोन ठिकाणी आहे. जुना रबरी पाइप नळीला चिकटलेला असतो. तो पिळून ओढू नका, नळीचा जोड आतून सुटला तर धुण्याचं काम तिथेच बदलण्याचं काम होतं. पाइपला ब्लेडने लांबीच्या दिशेने चीर द्या, सोलून काढा आणि नवा घाला. दुसरी जोखीम पाण्याच्या दाबाची. ही यंत्रणा साधारण एक बार दाबाची, आणि नळाचं पाणी त्याच्या तिप्पट-चौपट जोराने येऊ शकतं. मी नळ जेमतेम उघडला आणि कोअरमधून येणारं पाणी एका पांढऱ्या बादलीत घेतलं.

आधी कोऱ्या चहाच्या रंगाचं पाणी आलं. मग काहीच नाही, नुसती ठिबक. दिशा बदलली, थोडा वेळ सोडलं, पुन्हा उलटं केलं. चौथ्या फेरीला एक घट्ट गोळा फसकन बाहेर पडला. बोटांवर घेतला तर तपकिरी, बुळबुळीत, मध्ये पांढऱ्या खपल्या. आधीच्या मालकाने दोन वेगळ्या जातीचे कूलंट एकात एक ओतले असावेत, त्याचा असा साका होतो. त्यानंतर पाण्याची धार लागली. उरलेल्या क्षारासाठी सायट्रिक ॲसिडचं सौम्य पाणी अर्धा तास भरून ठेवलं आणि नितळ पाणी येईपर्यंत धुतलं. कोअर ॲल्युमिनियमचा असेल तर कॉस्टिक असलेलं काहीही आत घालू नका, ते धातूच खातं. शेवटी डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट निम्मं-निम्मं भरलं, आणि गाडीचं नाक चढावर ठेवून हवा काढली. निघालेलं जुनं कूलंट झाकणाच्या डब्यात भरून ठेवा. ते गोडसर असतं आणि विषारी असतं, कुत्रं-मांजर चाटायला येतं.

एका दुपारचं काम. आता तिसरा हिवाळा चालू आहे. मध्ये एकदा पुन्हा धुवावं लागलं, तेव्हा तेवढाही वेळ लागला नाही.

नव्या कोअरइतकी ऊब येते का? प्रामाणिकपणे सांगायचं तर नाही. गाडी बराच वेळ जागेवर उभी राहिली की झोत थोडा मऊ पडतो, किंचित रेस दिली की परत येतो. चालत्या गाडीत मला फरक सांगता येणार नाही. पूर्वी मुख्य रस्त्याला लागेपर्यंत दोनदा फडक्याने काच पुसायचो, आता फडकं दाराच्या कप्प्यात पडून असतं.

माझ्या डॅशबोर्डचं प्लास्टिक जास्तच ठिसूळ असेल, किंवा सरावाच्या हातांनी ते अलगद निघालं असतं, हे मी नाकारत नाही. पण एक गोष्ट दोन्ही बाजूंना सारखीच लागू आहे. यंत्रणेत गाळ असताना नवा कोअर घातला तर तोही त्याच गाळाने भरतो. म्हणजे धुणं चुकत नाहीच. मग ते आधी करून बघायला काय हरकत आहे?

गळती असेल तर मात्र गोष्ट वेगळी. केबिनमध्ये गोडसर वास, काचेवर आतून तेलकट धुरकं, शेजारच्या सीटखालचा गालिचा ओला, यातलं काही असेल तर धुण्यात वेळ घालवू नका, कोअर बदला. बदलण्याआधी मल्टिमीटरचं एक टोक कूलंटमध्ये बुडवून दुसरं बॅटरीच्या ऋण टोकाला लावा. इंजिन चालू असताना ०.३ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर कूलंट जुनं होऊन आंबलेलं असेल किंवा कुठलं तरी अर्थिंग खराब असेल. ते तसंच ठेवलं तर नवा कोअरही आतून कुरतडला जाईल. आणि डॅशबोर्ड बाहेर आहेच तर परत बसवण्याआधी क्लिपांचा नवा संच आणून ठेवा, आणि प्लास्टिकला प्लास्टिक जिथे जिथे टेकतं तिथे फेल्टची चिकटपट्टी लावा, विशेषतः काचेलगत. मी ती लावली नव्हती.