दोनशे तासांसाठी बावीस महिने

व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी, म्हणजे सगळे ज्याला सीपीएल म्हणतात त्यासाठी, मी जून २०२३ मध्ये महाराष्ट्रातील एका उड्डाण प्रशिक्षण संस्थेत प्रवेश घेतला आणि एप्रिल २०२५ मध्ये आवश्यक दोनशे उड्डाणतास पूर्ण करून तेथून बाहेर पडलो. प्रवेशाच्या वेळी हाच कालावधी चौदा महिन्यांचा सांगितला होता. संस्थेचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण माझ्या मागच्या तुकडीतील मुले अजून तेथेच रोस्टरकडे, म्हणजे त्या दिवशी कोण उडणार याच्या यादीकडे, डोळे लावून बसली आहेत. परंतु अशा संस्थेत पैसे भरण्यापूर्वी काय पाहावे हे मला त्या वेळी कोणी सांगितले नव्हते, आणि माहितीपत्रकातून ते कळणे शक्यही नव्हते, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे. माझे मत आधीच सांगून टाकतो: तेथील शिकवणे उत्तम होते आणि नियोजन अगदीच सुमार होते.

शिकवण्याविषयी प्रथम लिहितो, कारण तक्रारीच्या भरात ते राहून जाऊ नये. आमचे मुख्य प्रशिक्षक हवाई दलातून निवृत्त झालेले होते आणि विद्यार्थी विमानात बसण्यापूर्वी विमानाभोवती कसा फिरतो यावरूनच ते त्याची परीक्षा करीत. आम्ही सेसना १७२ वर शिकलो. या विमानाच्या नव्या आवृत्तीत प्रत्येक पंखाखाली पाच आणि पुढे पोटाखाली तीन अशा एकूण १३ ठिकाणांहून इंधनाचा नमुना काढून पाहावा लागतो. दुसऱ्याच आठवड्यात मी घाईघाईने सात-आठ ठिकाणचे नमुने पाहून ‘सर, झाले’ असे सांगितले. सर काही बोलले नाहीत. त्यांनी माझ्या हातातील प्लास्टिकचा पारदर्शक पेला घेतला, त्यात निळसर रंगाचे एव्हगॅस, म्हणजे विमानाचे पेट्रोल, काढले आणि बाटलीतील थोडे पाणी त्यात सोडले. पाण्याचा रंगहीन थेंब तळाशी जाऊन बसला आणि दोन्हींमधली रेषा स्पष्ट दिसली. नंतर पेला रिकामा करून त्यांनी तो नुसत्या पाण्याने भरला आणि विचारले, ‘आता रेषा कुठे आहे?’ रेषा नव्हतीच. टाकीच्या तळाशी पुरेसे पाणी साचले असेल तर पेल्यात फक्त पाणीच येते आणि रेषा शोधणाऱ्याला सारे ठीक वाटते. म्हणून रेषेबरोबर रंग पाहायचा आणि वासही घ्यायचा. त्यानंतर ‘आता पहिल्यापासून, तेराच्या तेरा’ एवढेच ते म्हणाले. त्या दिवसाची माझी सॉर्टी, म्हणजे उड्डाणाची फेरी, वीस मिनिटे उशिरा सुरू झाली, पण पुढच्या बावीस महिन्यांत मी एकही नमुना वगळला नाही.

पहिल्या सोलोपर्यंत, म्हणजे एकट्याने केलेल्या उड्डाणापर्यंत, मला १९ तास लागले. हवेत विमान सांभाळणे लवकर जमले. उतरताना धावपट्टी जवळ आल्यावर नाक किती आणि केव्हा उचलायचे, हे मात्र दहा-बारा तास काही केल्या जमेना. मी खाली पाहत होतो आणि पाहायचे असते धावपट्टीच्या दूरच्या टोकाकडे. माझ्या दुसऱ्या प्रशिक्षक मॅडमनी हे दोन लँडिंगमध्येच ओळखले आणि पुढचा आठवडाभर दर वेळी शेवटच्या पन्नास फुटांवर फक्त ‘टोक, टोक’ एवढे दोनच शब्द उच्चारले. सोलोच्या सकाळी धावपट्टीभोवतीच्या फेऱ्या (सर्किट) चालू असताना, एकदा विमान जमिनीवर थांबल्यावर त्या मध्येच खाली उतरल्या, दार नीट लावले आहे ना ते बाहेरून ओढून पाहिले आणि बाजूला जाऊन उभ्या राहिल्या. शेजारची सीट रिकामी झाल्यावर विमान किती चटकन वर चढते हे पुस्तकात वाचलेले होते, तरीही मी दचकलो आणि हजार फुटांवर अपेक्षेपेक्षा आधीच पोहोचलो. उतरल्यानंतर प्रथेप्रमाणे अंगावर बादलीभर पाणी पडले. तो आनंद मी येथे वर्णन करीत बसत नाही.

वर्गातील शिकवणीही समाधानकारक होती. डीजीसीएच्या, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, लेखी परीक्षांत ७० टक्के गुण लागतात. एअर रेग्युलेशन्स आणि मीटिऑरॉलॉजी (हवामानशास्त्र) पहिल्या फेरीत सुटले, नेव्हिगेशनला दुसरी फेरी लागली. ज्यांना शक्य आहे त्यांनी या परीक्षा प्रवेशापूर्वीच द्याव्यात, कारण विमानतळावर राहून अभ्यास होत नाही. रोस्टरवर कोणाचे नाव लागले याच्या चर्चेतच दिवस जातो.

आता त्या रोस्टरविषयी. माहितीपत्रकात सात विमाने होती आणि ती खोटी नव्हती. सातही विमाने मी स्वतः पाहिली. परंतु त्यांपैकी एक सुट्या भागांअभावी हँगरमध्ये उभे होते, एकाचे इंजिन उतरवून ओव्हरहॉलला पाठवले होते, आणि उरलेल्या पाचांपैकी एखादे ५० तासांच्या तर एखादे १०० तासांच्या तपासणीत असायचे. माझ्या संपूर्ण काळात एका दिवशी चारांपेक्षा जास्त विमाने उडालेली मला आठवत नाहीत आणि बहुतेक महिने दोनच उडत होती. विद्यार्थी त्या वेळी साठच्या आसपास होते. काही नवे, काही संपत आलेले असे धरून प्रत्येकाचे सरासरी १०० तास बाकी आहेत असे मानले, तर एकूण ६००० तास उडायचे शिल्लक राहतात. एक विमान दिवसाला पाच तास उडाले तर चार विमानांना त्यासाठी ३०० दिवस लागतात आणि दोन विमानांना ६००. पावसाळ्याचे, धुक्याचे आणि सुट्ट्यांचे दिवस वजा केल्यावर पहिला आकडा चौदा महिन्यांत कसाबसा बसतो. दुसरा दोन वर्षांतही बसत नाही. हा हिशेब मी खोलीतील भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागे, पाचव्या महिन्यात, सलग अकरा दिवस जमिनीवर बसून असताना मांडला. प्रवेशापूर्वी मांडला असता तर बरे झाले असते.

हवामानाला दोष देऊन चालणार नाही. डोळ्यांनी पाहून उडण्याच्या नियमांत, आम्ही उडत होतो त्या उंचीवर, किमान पाच किलोमीटर दृश्यमानता लागते आणि ढगांपासून ठरलेले अंतर राखावे लागते. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडे ते दिवसचे दिवस मिळत नाही, हे प्रवेश घेणाऱ्याने गृहीत धरलेच पाहिजे. मला राग आहे तो नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळाचा, जेव्हा सकाळचे विरळ धुके उठल्यावर आकाश लख्ख असते, वारा शांत असतो, वाऱ्याची दिशा दाखवणारा कापडी विंडसॉक मरगळून लटकत असतो आणि साठ मुले हँगरच्या सावलीत पोहे खात बसलेली असतात.

या रखडण्याचा खर्च विद्यार्थ्याच्याच माथी येतो, आणि ही बाब करारात स्वच्छ लिहिलेली असूनही माझ्या लक्षात आली नव्हती. उड्डाणात तीन आठवड्यांपेक्षा अधिक खंड पडला तर सोलो देण्यापूर्वी प्रशिक्षकाबरोबर चेक सॉर्टी घ्यावी लागे. सुरक्षिततेच्या दृष्टीने हा नियम योग्यच आहे आणि त्याविषयी माझी तक्रार नाही. परंतु विमान नसल्यामुळे संस्थेनेच पाडलेला खंड आणि विद्यार्थी स्वतःहून गावी गेल्यामुळे पडलेला खंड यांत फरक केला जात नव्हता. दोन्हींचे बिल सारखेच. अशा रीतीने माझे नऊ तास जादा झाले. मी ४६ लाख रुपयांचे शुल्क चार हप्त्यांत भरले होते, त्यावर हे नऊ तास, आठ जादा महिन्यांचे वसतिगृह आणि बँकेचे व्याज चढले. वडिलांनी घर तारण ठेवून कर्ज काढले होते, त्यामुळे दर महिन्याच्या पाच तारखेला त्यांचा फोन आला की हप्त्याचा विषय ते काढत नसत, ‘काल उडालास का?’ एवढेच विचारत.

सीपीएलसाठी नुसते २०० तास पुरत नाहीत, तर त्यांची विभागणीही ठरलेली असते. १०० तास स्वतः पायलट-इन-कमांड, म्हणजे विमानाचा जबाबदार वैमानिक, म्हणून, त्यांत २० तास क्रॉस-कंट्री, म्हणजे एका ठिकाणाहून दुसरीकडे जाणारे उड्डाण, आणि एक प्रवास किमान ३०० सागरी मैलांचा, वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर पूर्ण थांबून. माझ्या या लांब प्रवासाची तारीख तीनदा बदलली. एकदा विमान ऐनवेळी तपासणीला गेले, एकदा हवाई संरक्षणाची परवानगी, म्हणजे एडीसी नंबर, येईपर्यंत ऊन चढून परतीच्या सूर्यास्ताचे गणित चुकले, आणि तिसऱ्यांदा फ्लाइट प्लॅन वेळेत भरलाच गेला नव्हता. पहिल्या दोन गोष्टी कोठेही घडू शकतात. तिसरी डिस्पॅचच्या, म्हणजे उड्डाणांची कागदपत्रे पाहणाऱ्या, टेबलावर एकच माणूस ठेवल्यामुळे घडली, आणि तोच माणूस फोन, हजेरी व वसतिगृहाच्या किल्ल्याही सांभाळत होता. शिवाय आमच्या धावपट्टीवर रात्रीचे दिवे नसल्यामुळे रात्रीच्या पाच तासांसाठी दुसऱ्या विमानतळावर जाऊन राहावे लागले. हे प्रवेशाच्या वेळी विचारले असते तर त्यांनी सांगितले असते. मी विचारले नाही.

एक गोष्ट मात्र संस्थेच्या बाजूने नोंदवली पाहिजे. लॉगबुकमध्ये, म्हणजे उड्डाणतासांच्या नोंदवहीत, न उडालेले तास लिहून मोकळे होण्याची कुजबुज या क्षेत्रात अधूनमधून ऐकू येते. आमच्याकडे तसे कधी सुचवलेसुद्धा गेले नाही. रखडले, पण जे लिहिले ते उडालेलेच होते.

राहण्या-जेवणाविषयी विशेष लिहिण्यासारखे नाही. खोल्या स्वच्छ, पाणी दिवसाआड, जेवण पोटभर. कार्यालयात जे. आर. डी. टाटांचे मोठे छायाचित्र आहे आणि खाली १० फेब्रुवारी १९२९ ही त्यांच्या परवान्याची तारीख आहे. भारतात मिळालेला तो पहिला वैमानिक परवाना. रोस्टर लागण्याची वाट आम्ही त्याच छायाचित्राखालच्या बाकावर बसून पाहत असू, आणि पहिला क्रमांक मिळवायचा तर रांगेत कोणी नसतानाच यायला हवे, असे माझा खोलीमित्र म्हणायचा.

मी बाहेर पडल्यानंतर त्याच वर्षी डीजीसीएने प्रशिक्षण संस्थांची श्रेणीवार यादी प्रसिद्ध करायला सुरुवात केली. ती अवश्य पाहावी, पण तेवढ्यावर थांबू नये. संस्थेला भेट देताना विमाने किती असे न विचारता, गेल्या महिन्यात प्रत्येक विमान किती तास उडाले हे विचारावे आणि त्याची नोंदवही पाहायला मागावी. शेवटच्या तीन विद्यार्थ्यांना प्रवेशापासून शेवटच्या चेकपर्यंत किती महिने लागले ते त्या विद्यार्थ्यांकडूनच ऐकावे. संस्थेमुळे खंड पडला तर चेक सॉर्टीचे पैसे कोण देणार, हे करारात लिहून घ्यावे. आणि भेट दुपारी न देता सकाळी द्यावी. उभ्या विमानाच्या पिटॉट नळीवर, म्हणजे वेग मोजण्यासाठी हवा घेणाऱ्या नळीवर, लाल कापडी आवरण चढवलेले असते, आणि उडायचे असेल त्या विमानाचे ते सकाळीच निघते.

प्रवेश घेतला त्या दिवशी सकाळी साडेनऊ वाजता मी अ‍ॅप्रनवर, म्हणजे विमाने उभी करण्याच्या जागेवर, उभा राहून सातही विमानांचे छायाचित्र काढून घरी पाठवले होते. आईने ते अजून फोनवर ठेवले आहे. परवा ते मोठे करून पाहिले, तर पाच विमानांवर लाल आवरणे स्पष्ट दिसतात.