सॉर्ट, सॉर्टेड की सॉर्ट! : मूळ यादी बदलणाऱ्या फंक्शनचे नाव

स्वतःची लायब्ररी, म्हणजे इतर प्रोग्राममध्ये वापरता येणाऱ्या फंक्शनचा संच, लिहायला घेतली की हा प्रश्न लगेच पुढ्यात येतो: मूळ यादी जागच्या जागी बदलणारे फंक्शन आणि तिला हात न लावता नवी यादी देणारे फंक्शन, यांतला फरक नावावरूनच कसा कळावा?

पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेत ‘सॉर्ट’ मूळ यादीलाच क्रम लावते आणि ‘सॉर्टेड’ नवी यादी देते. ‘लाव’ आणि ‘लावलेली’ यांच्यातला फरक आहे तसाच हा फरक. पण तो नजरेतून सहज निसटतो, आणि ‘सॉर्ट’चे उत्तर त्याच व्हेरिएबलमध्ये ठेवले की यादी जाऊन तेथे ‘नन’ हे रिकामे मूल्य उरते. ही चूक निदान पहिल्याच वेळी उघडी पडते.

रूबी या भाषेत ‘सॉर्ट’ आणि ‘सॉर्ट!’ अशी जोडी आहे. तेथील उद्गारचिन्ह ‘दोहोंपैकी हे जपून वापरा’ एवढेच सांगते. ‘पुश’ आणि ‘डिलीट’ ही चिन्हाशिवायही मूळ यादी बदलतात. त्याहून घातक म्हणजे पुनरावृत्ती काढून टाकणाऱ्या ‘युनिक!’ला काढण्याजोगे काही सापडले नाही तर ते ‘निल’ हे रिकामे मूल्य परत करते, त्यामुळे चाचणीत नीट चाललेला कोड एकही पुनरावृत्ती नसलेल्या यादीवर कोसळतो. ज्युलिया या भाषेने हेच चिन्ह अधिक शिस्तीने वापरले आहे: तिथे ‘पुश!’लाही ते आहे.

जावास्क्रिप्टला जुने ‘सॉर्ट’ बदलणे शक्य नव्हते, म्हणून २०२३ च्या मानकात मूळ ॲरे (यादी) न बदलणारे ‘टूसॉर्टेड’ आले. आपली लायब्ररी आधीच इतरांच्या वापरात असेल, तर हाच मार्ग धरावा.

नवी सुरुवात असेल आणि भाषा नावात उद्गारचिन्ह चालवून घेत असेल, तर ज्युलियाची रीत मला सर्वांत स्वच्छ वाटते. ती सोय नसेल, तर स्विफ्ट या भाषेकडे पाहावे. दुसऱ्या आवृत्तीत तिथे नवी यादी देणारे ‘सॉर्ट’ आणि जागच्या जागी क्रम लावणारे ‘सॉर्टइनप्लेस’ होते. २०१६ मधील तिसऱ्या आवृत्तीत त्यांची अनुक्रमे ‘सॉर्टेड’ आणि ‘सॉर्ट’ झाली. नवी नावे वाचायला सुंदर आहेत, पण ‘स्प्लिट’सारख्या क्रियापदाचे रूपच बदलत नाही आणि ‘युनियन’ या नामासाठी मूळ संच बदलणाऱ्या फंक्शनला ‘फॉर्मयुनियन’ असे वेगळे नाव योजावे लागले. इंग्रजी व्याकरणाची बारकाई ज्यांच्या अंगवळणी नाही, अशा सहकाऱ्यांसाठी लिहिताना मी स्विफ्टने सोडून दिलेले लांबलचक ‘इनप्लेस’च निवडेन.